पहिले तीन रविवार राक्षस हो

तू लिहिलंस: "ताई, सप्टेंबरात मास्टर्ससाठी इंग्लंडच्या उत्तरेला आलो. फ्रेशर्स फेअरमध्ये एका टेबलामागे चिलखत घातलेली मुलं उभी होती, लार्प क्लबची. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पण मी सव्वीस वर्षांचा, इंग्रजी बोलताना अडखळतो, ओळखीचं कोणी नाही, तलवार नाही, पोशाख नाही. माझ्या पात्राची कहाणी मात्र दहा पानं लिहून झालीये. सुरुवात कुठून करू?"

दहा पानं जपून ठेव, पण अजून कोणाला दाखवू नकोस. तलवार घेऊ नकोस. क्लबला एवढंच कळव की मी नवीन आहे, या रविवारी क्रूमध्ये येतो, म्हणजे नायकांच्या वाटेत भेटणारी बाकीची पात्रं करणाऱ्यांत. आणि पहिले तीन रविवार राक्षस हो. मी चौदा वर्षं खेळतेय, त्यातली नऊ वर्षं रेफ म्हणून, म्हणजे खेळ चालवणारी. क्लबात कोण टिकलं, कोण गळलं हे आठवायला बसले की फरक इथेच दिसतो. पहिल्याच दिवशी नायक व्हायला आलेला मुलगा नाताळच्या सुट्टीनंतर सहसा परत येत नाही. दुसऱ्यांच्या गोष्टीत मरायला आलेला राहतो.

लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले. टेबलाभोवती बसून फासे टाकत रंगवायची काल्पनिक दुनिया इथे पायांवर उभी राहून, पोशाख घालून, फोमच्या तलवारी घेऊन प्रत्यक्ष खेळायची. विद्यापीठातल्या क्लबांचा नेहमीचा प्रकार म्हणजे लिनियर. पाच-सहा जणांची पार्टी काहीतरी कामगिरी घेऊन रानातल्या वाटेने निघते. वाटेत त्यांना जे जे भेटतं ते सगळं क्रू: दरोडेखोर, लाच मागणारा जकातदार, मुलगी हरवलेला बाप, पुलाखालचा राक्षस. रेफ तुझ्या कानात दोन वाक्यं सांगतो, "तू उपाशी आहेस, यांच्याकडे भाकरी आहे, पण तुला भीक मागायची लाज वाटते," आणि तू उभा राहतोस. पाच मिनिटांत मेलास की उठायचं, हात डोक्यावर उंच धरायचा, म्हणजे "मी इथे नाही", आणि आडवाटेने पळत पुढचं वळण गाठायचं. तिथे अंगरखा बदलून तू दुसराच कोणीतरी.

हा साचा इथलाच आहे. चेशायरमध्ये पेकफर्टन कॅसल नावाचा व्हिक्टोरियन काळात बांधलेला किल्ला आहे. तिथे 1982 साली ट्रेझर ट्रॅप सुरू झालं: लहान तुकडीने पैसे भरून किल्ल्यात शिरायचं आणि आत तिथल्याच माणसांनी राक्षस होऊन त्यांना गाठायचं. ते काही वर्षंच चाललं. पण तिथे जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांना चैन पडेना, त्यांनी आपापल्या गावी तेच सुरू केलं. डरहॅम विद्यापीठातला क्लब 1983 पासून आहे आणि आजही ट्रेझर ट्रॅप हेच नाव लावतो. अमेरिकेत त्याआधीच, 1977 साली, वॉशिंग्टनच्या परिसरात डॅगोरहिर सुरू झालं होतं, पण त्याचा भर लढाईवर. जर्मनीत ब्रोकेलो नावाच्या खेड्यात 2004 पासून कॉन्क्वेस्ट भरतं, तिथे हजारो माणसं तंबू ठोकून राहतात. तुझ्या विद्यापीठात मिळेल ती छोटी, रानातली, चार तासांची गोष्ट, आणि त्या छोट्या गोष्टीचा कणा क्रू आहे. पार्टीतल्या सहा जणांचा दिवस सोन्याचा व्हावा म्हणून दहा जण चिखलात धावतात. पुढच्या रविवारी पाळी बदलते.

माझा पहिला रविवार सांगते. नोव्हेंबर होता, शेफील्डजवळचं रान, सकाळपासून पाऊस. मला दोन वेळा लांडगा आणि एकदा दरोडेखोर केलं. मग रेफ म्हणाला, "आता गावकरी. पार्टी येईल तेव्हा तू मरायला टेकलेली असशील. वाचवता येणार नाही. तुला फक्त एवढं सांगायचंय की ते ओढ्याकडे गेले." मी बीच झाडाच्या ओल्या पानांवर गाल टेकून पडले. पार्टी आली. मी वाक्य बोलले आणि मेले. मग वर त्यांचा वाद सुरू झाला, थांबायचं की पाठलाग करायचा. मला वाटलं जातील. पण त्यांच्यातली एक मुलगी गुडघ्यावर बसली, तिने माझे डोळे मिटले, स्वतःची शाल काढून माझ्या तोंडावर टाकली आणि हळूच विचारलं, "हिचं नाव कोणाला माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तिने मला तिथल्या तिथे एक नाव दिलं आणि त्या नावाने दोन ओळींची प्रार्थना म्हटली. शालीखाली मी श्वास धरून पडले होते. पावसाचे थेंब लोकरीवर पडत होते ते ऐकू येत होते. संध्याकाळी कामगिरीचं बक्षीस वाटलं तेव्हा त्या मुलीच्या पात्राने आपला वाटा नाकारला आणि तो त्या गावाला पाठवायला लावला. माझी भूमिका दोन मिनिटांची होती, पण त्यावर तिचं पात्र कायमचं वळलं. नंतर पबमध्ये तिने मला ते सांगितलं. मी या खेळात राहिले ती त्या शालीमुळे.

म्हणून खेळ संपल्यावर पबमध्ये जायचंच. दारू पीत नसशील तर लाइम सोडा घे, कोणी काही म्हणत नाही. कोणाला काय आवडलं, काय लागलं, कोणाची माफी मागायची, हे सगळं तिथे होतं. क्लबात खरा प्रवेश त्या टेबलावर मिळतो.

आता लढाईचं. प्रत्येकाला काही ठरावीक हिट्स असतात. घाव लागला की एक कमी, संपल्या की खाली पडायचं. हे मोजतं कोण? तू. पंच नाही, गुणफलक नाही. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटीला चेंडू लागला की नाही यावर अर्धा तास जातो ना? इथे ज्याला लागलं तोच सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर बाकीचे विश्वास ठेवतात. शंका आली तर घाव घेतला असं धर. "याने हिट्स घेतल्या नाहीत" अशी कुजबूज एकदा सुरू झाली की ती पुसायला वर्ष जातं, आणि "हा किती सुंदर पडतो" हे नाव दोन रविवारांत होतं. मारतानाही जोर मनगटात आवरायचा. तलवार अंगाला टेकते त्या क्षणी ती थांबलेली असली पाहिजे, याला आम्ही पुल करणं म्हणतो. डोक्यावर नाही, जांघेत नाही, टोक खुपसायचं नाही, ढोल बडवल्यासारखे भराभर घाव नाहीत.

टोक का खुपसायचं नाही ते कळायला शस्त्रतपासणीच्या टेबलाशी ये. हे काम मी प्रत्येक खेळाआधी करते. फोमच्या तलवारीच्या पोटात फायबरग्लास किंवा कार्बन फायबरची सळी असते, तिच्याभोवती फोमचे थर, वरून लॅटेक्स. सळी टोकाच्या बरीच अलीकडे संपते, पुढचं सगळं नुसता फोम. मी पातं हलकेच वाकवते आणि सोडते, ते सरळ परत आलं पाहिजे. मग टोक अंगठा आणि बोटात धरून दाबते. आत कडक काहीतरी हाताला लागलं, तर सळी फोम फाडून पुढे सरकतेय आणि ते शस्त्र त्या दिवशी खेळत नाही, मग मालकाने त्यासाठी कितीही पैसे मोजलेले असोत. लॅटेक्सला भेगा आहेत का ते पाहते, मूठ कानाशी हलवते, आत काही खुळखुळतं का. शेवटी माझ्याच हातावर एक घाव मारून घेते. मला जो घाव नको वाटेल तो कोणाच्या अंगावर पडू देत नाही. बाणांची डोकी लिंबाएवढी नव्हे, चांगली संत्र्याएवढी फोमची असतात, आणि धनुष्याची ओढ साधारण 30 पौंडांच्या आत लागते.

एवढी कडक का आहे ते सांगते. सुरुवातीच्या काळात मी दुसऱ्या एका क्लबात पाहुणी म्हणून गेले होते. तिथे तपासणी झालीच नाही, "सगळी ओळखीचीच शस्त्रं आहेत" म्हणाले. एका जुन्या कुऱ्हाडीतून सळी बाहेर आली होती. माझ्या बोटाच्या पेरावरची कातडी फाटली, तीन टाके पडले. कुऱ्हाड चालवणारा मुलगा माझ्याहून जास्त घाबरला होता, त्याला मी कधीच दोष दिला नाही. तेव्हापासून कोणत्याही नव्या क्लबाला मी पहिला प्रश्न विचारते: शस्त्रं कोण तपासतं? तूही विचार. दुसरा प्रश्न, खरोखर कोणाला लागलं तर काय ओरडायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर "मॅन डाउन" असं येईल. ते ऐकलं की सगळं जागच्या जागी थांबतं, राक्षस आणि राजा दोघेही खाली बसतात आणि प्रथमोपचारवाला धावतो. नाटकात "मला वैद्य आणा!" हवं तेवढं ओरड, पण हे दोन शब्द खेळ म्हणून कधी उच्चारू नकोस. आणि तिसरा प्रश्न, एखाद्याला कोणी हात लावलेला नको असेल तर ते कसं कळवायचं? या तिन्हींची उत्तरं न अडखळता आली तर क्लब चांगला आहे. मग त्यांचे पोशाख जुने आणि तंबू फाटका असला तरी चालेल.

पोशाखाचं टेन्शन घेऊ नकोस. क्रूला क्लबची पेटी असते, अंगरखे, मुखवटे, शस्त्रं सगळं त्यात. तुझं म्हणून फक्त घट्ट पकडीचे, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, त्यावर खर्च कर. जीन्स नको. आत थर्मल, वर साधा सुती कुर्ता, खाली गडद सलवार: इथल्या मुलांना जे शिवून घ्यायला महिने लागतात ते तुझ्या बॅगेत आधीच असेल. उपरणं कमरेला बांधलं की पट्टा होतो, डोक्याला गुंडाळलं की थंडीचा फेटा. जुनी लोकरी घोंगडी मिळाली तर झगा विकत घ्यायची गरजच नाही. मी आईची जुनी इरकली नऊवार कितीतरी वर्षं रानात नेसलेय. कासोटा घातला की पाय मोकळे राहतात, आणि माझ्याबरोबरच्या मुली लांब घागरे काट्यांतून सोडवत असताना मी पुढच्या वळणावर पोचलेली असते. पहिल्या वर्षाच्या शेवटी तलवार घेशील तेव्हा साधी, मध्यम लांबीची घे. ती टोकावर उभी ठेवायची नाही, गाडीत उन्हात तापू द्यायची नाही, अधूनमधून सिलिकॉन स्प्रे मारायचा. आणि बसमधून नेताना पूर्ण झाकलेल्या पिशवीत. लांबून ती खरी दिसते, पोलिसांना कोणी फोन केला तर चूक त्याची नसते.

इंग्रजीची भीती मला चांगली माहीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मी कुडाळची. लहानपणी जत्रेला दशावतार बघत रात्र काढायचो. पेटी, मृदंग, झांज, आणि संकासुर आला की पोरं मागे सरकायची. दशावताराला लिखित संहिता नसते हे मला मोठं झाल्यावर कळलं. मंडळी रंगायला बसतात तेव्हा आख्यान ठरतं, कोण कधी येणार, कुठे युद्ध, कुठे विलाप, एवढंच. संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर जागच्या जागी सुचतात. राजा झालेल्या नटाला वाक्यं पाठ नसतात. आपल्याला काय हवंय आणि समोरच्याने काय म्हटलंय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्यातून बोलणं येतं. लार्पमध्ये माझं इंग्रजी सुटलं ते हे आठवल्यावर. मी वाक्यं मनात जुळवत बसायचे, ते बंद केलं. पात्राला काय हवंय तेवढं धरून ठेवलं. "भाकरी दे." "तिकडे जाऊ नका." "तुझ्या भावाला मी पाहिलंय." तीन-चार शब्दांची वाक्यं, आणि मध्ये शांतता. शांततेला लोक वजन देतात, तू शब्द शोधतोयस हे कोणाला कळत नाही. इथली मुलंही नाटकी जुनं इंग्रजी बोलत नाहीत, आपापल्या गावच्या बोलीतच बोलतात. एकदा डोंगरातल्या जमातीचा पहारेकरी करायला सांगितला तेव्हा मी सरळ मालवणीत "खंय चललस?" म्हणून भाला आडवा धरला. पार्टीला शब्द कळला नाही, प्रश्न बरोबर कळला. पुढे तीन खेळांमध्ये ती जमात मालवणी बोलत होती, क्रूमधल्या इंग्रज मुलांनी माझ्याकडून दहा वाक्यं घोटून घेतली.

पार्टीत किंवा क्रूमध्ये एकटाच सावळा असण्याबद्दल तू उघड लिहिलं नाहीस, पण "ओळखीचं कोणी नाही" यात मला ते ऐकू आलं. मी बरीच वर्षं एकटीच होते, आता तसं नाही. चांगल्या क्लबात चेहरा काळा-सावळा रंगवून परक्या वंशाचा माणूस करायला मनाई असते. ऑर्क नावाचा काल्पनिक हिरवा राक्षस चालतो, दुसऱ्याच्या कातडीचा रंग चालत नाही. खऱ्या जगातले देवधर्म बाहेर ठेवायचे हाही नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि मला तो पटतो. भंडारा किंवा माळ पोशाख म्हणून आणू नकोस. झटापटीत ती चिखलात पडेल आणि दुखेल ते तुलाच. पण आपल्याकडची गावाची घडी, बाजार, जकात, वतनं, त्यावरची भांडणं हे मुक्तहस्ते आण. मी एकदा बारा बलुतेदारांसारखी घडी असलेलं गाव लिहून दिलं होतं, ज्यात लोहाराने काम थांबवलं की सगळं अडतं. त्यावर अख्खं एक सत्र चाललं. आणि कोणी वाईट बोललं तर खेळाच्या बाहेर, त्याच दिवशी, क्लबच्या समितीतल्या माणसाला सांग. पात्राच्या आड लपून केलेला अपमान हाही अपमानच.

अशीच एक दुसरी गोष्ट: पात्राचं दुःख कधीकधी घरापर्यंत येतं. नॉर्डिक देशांतले खेळाडू याला ब्लीड म्हणतात आणि तो शब्द आता सगळीकडे रुळलाय. परदेशात, पहिल्या हिवाळ्यात, एकटा असताना ते जास्त होतं. रानात तुझा सोबती मेला आणि सोमवारी उगाच रडू आलं तर त्यात गैर काही नाही. त्या सोबत्याला खरा फोन कर, चहाला भेट.

खाणं ज्याचं त्याने न्यायचं, त्यामुळे शाकाहारी असशील तरी अडचण नाही. थालीपीठ फॉइलमध्ये गुंडाळून ने, दोन जास्तीची ने.

मोठ्या मैदानी खेळांची घाई नको. एम्पायर नावाचा खेळ 2013 पासून चालतो, वर्षातून चारदा, दहा राष्ट्रं, मैदानभर तंबू. दुसऱ्या वर्षी क्लबच्या मंडळींबरोबर त्यांच्याच तंबूत जा. तिथलीही रीत बघ: शनिवारी निम्मी राष्ट्रं लढाईला उतरतात तेव्हा उरलेली निम्मी शत्रू होतात, आणि रविवारी उलट. एवढ्या मोठ्या लढाईतही प्रत्येकाला एक दिवस दुसऱ्यासाठी मरावंच लागतं.

राहिली तुझी दहा पानं. एकटा, अनाथ, काळ्या झग्यातला, भूतकाळ न सांगणारा योद्धा असेल तर मला नवल वाटणार नाही, आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा तोच लिहिला. त्याची अडचण अशी की त्याच्याशी बोलायला कोणाला कारणच नसतं. पत्रं पोचवणारा लिही, मिठाचा व्यापारी लिही, दात काढणारा वैदू लिही, सगळ्या गावाची उधारी लक्षात ठेवणारा लिही. अशांकडे लोक आपण होऊन येतात. तीन रविवार राक्षस होऊन झाले की कोणत्या पात्राशी बोलताना तुला मजा आली आणि कोणाला नुसता ओलांडून गेलास ते तुझं तुला दिसेल. मग त्या दहा पानांतून तीन वाक्यं काढ: त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, आणि दुसऱ्या कोणाशिवाय त्याचं काय अडतं. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड जाईल. ती तीन मला पाठव, मी वाचून कळवते.